कान नसलेली सायकल

मुलांनो, सायकल घेताना तुम्ही काय काय बघता? रंग बघता, घंटी वाजवून बघता, गिअर असले तर ते खटाखट बदलून बघता. मडगार्ड बघणारा मुलगा किंवा मुलगी मला अजून भेटायची आहे. उलट असलेलं मडगार्ड काढून टाकणारेच पुष्कळ भेटले. मडगार्ड काढलं की सायकल कशी चपळ दिसते, रेसची वाटते! मग जूनमध्ये पाऊस येतो, आणि वर्गात एकेकाच्या पाठीवर खालपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटलेला दिसतो. खारीच्या पाठीवर असतो ना, तसा.

आमचं झरी परभणी-जिंतूर रस्त्यावर. इथला चिखल म्हणजे काही साधासुधा चिखल नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले. त्याचा झाला काळा बेसॉल्ट खडक, आणि तो झिजून झिजून झाली आमची काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, सगळं ती भरभरून देते. पण तिच्यात चिकणमातीचा एक प्रकार असतो, त्याचं नाव मॉन्टमोरिलोनाइट. नाव लांबलचक आहे, पाठ करू नका. काम तेवढं लक्षात ठेवा. पाणी मिळालं की ही माती फुगते आणि चिकटते, पाणी गेलं की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात या मातीतून चार पावलं चाललात, तर चप्पल किलोभर जड होते. सायकलचं चाक तर दहा-वीस फेऱ्यांतच जाम. म्हणून आमच्याकडे शेतात जाणारी मोठी माणसंसुद्धा पावसाळ्यापुरतं सायकलीचं मडगार्ड काढून घरी ठेवतात. चिखल त्याच्या आत ठासून बसतो आणि चाक फिरत नाही, हे त्यांचं कारण. आणि ते कारण खरं आहे. म्हणजे पाहा, डांबरी रस्त्यावर मडगार्ड हवं आणि काळ्या मातीत ते नको. या पेचात आम्ही २०२४ च्या पावसाळ्यात सापडलो.

आम्ही म्हणजे मी, आमच्या गावातले सायकल दुरुस्तीवाले चाचा, आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी.

ही पोरगी माझ्याकडे चौथीपर्यंत शिकली. गणितात हुशार, बोलायला थोडी, आणि उंचीनं वर्गात सगळ्यांच्या वर. आता ती झरीला आठवीत होती. तिचं घर गावात नाही, शेतात आहे. त्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आखाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण, अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त. आणि तिथून शाळेपर्यंत तीनेक किलोमीटर डांबर. आठवीतल्या मुलींना सायकल मिळण्याची सरकारी योजना आहे, तिचं नावही यादीत होतं. पण पाऊस काही यादीची वाट पाहत थांबत नाही. तिचा भाऊ पुण्याला कामाला आहे. त्यानं तिथं कुणाकडून तरी जुनी घेतलेली एक सायकल एस. टी.च्या टपावर टाकून गावी पाठवून दिली.

सायकल आली तेव्हा गावातली अर्धी पोरं बघायला जमली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटभर रुंदीचे टायर, मागं चकत्यांची उतरंड. एका हातानं उचलावी इतकी हलकी! आपली काळी दणकट सायकल अठरा-वीस किलोची असते, ही जेमतेम दहा. मात्र घंटी नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही आणि मडगार्डही नाही.

जुलैत पाऊस लागला तशी ही शाळेला दांड्या मारायला लागली. रोज नाही, फक्त पावसाच्या दिवशी. आता आठवीत एक परीक्षा असते, एन. एम. एम. एस. नावाची. तिच्यात निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. ज्या घरात मुलीला पुढं शिकवावं की नाही याची चर्चा चाललेली असते, त्या घरात ही रक्कम चर्चेचा निकाल फिरवू शकते. या परीक्षेचे जादा तास शाळा भरण्याआधी होत, आणि नेमके तेच हिचे बुडत होते. तिच्या शाळेतल्या सरांनी मला हे सांगितलं, म्हणून मी एका रविवारी आखाड्यावर गेले.

तिची आई म्हणाली, "मला वाटलं, पोटात दुखतंय. दर पावसाला कसं काय दुखतंय, काय माहीत."

पोरगी काही बोलेना. मग आम्ही दोघी गोठ्यामागं गेलो तेव्हा तिनं सांगितलं, "बाई, मागून लई घाण दिसतं. दप्तर भरतं, वह्या फुगतात. अन् दप्तराच्या खाली ड्रेसवर... पोरं हसतात." एवढं बोलून ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली. यापेक्षा जास्त ती बोलली नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या पांढऱ्या कपड्यावर मागच्या बाजूला डाग पडला की काय होतं, हे वर्गातल्या मुलींना माहीत असतं. मुलग्यांनाही ते माहीत असायला हवं, म्हणून इथं लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सायकल चाचांच्या दुकानात. दुकान म्हणजे बाभळीखाली पत्र्याची टपरी, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आणि खिळ्याला टांगलेले टायर. चाचांचे हात गेली चाळीस वर्षं सायकलींत आहेत. पण ही सायकल बघून त्यांनी डोकं खाजवलं.

आपल्या नेहमीच्या सायकलला मडगार्ड कसं बसवतात, ते आधी सांगते. घरची सायकल असेल तर समोर घेऊनच वाचा. पुढचं मडगार्ड वर चिमट्याच्या माथ्याला बोल्टनं अडकवलेलं असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या तारा खाली येतात, त्यांच्या टोकाला गोल कडी असते. ती कडी चाकाच्या आसात घालायची आणि वरून आसाचा नट आवळायचा. मागंही तसंच. म्हणजे सगळा भार आसाच्या नटावर. ही रचना इंग्लंडहून आली. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल काढली, दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. आपल्या सगळ्या सायकली तिच्याच वंशातल्या. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर केला आणि सायकल पळायला लागली. पुढं आपल्याकडे १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियानाला हीरो हे कारखाने निघाले. त्यांनी घरोघरी पोचवली ती पूर्ण मडगार्डाची, चेनकव्हरची, धोतराला आणि साडीला सांभाळणारी सायकल. (अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. ३ जून हा जागतिक सायकल दिन! योगायोग कधी कधी असे निर्दयी असतात.)

रेसच्या सायकलीचं गणित वेगळं. शर्यतीत वजन वाचवायचं, म्हणून मडगार्ड नाही, आणि ते बसवायची सोयही बहुतेकदा नाही. आस पोकळ. त्यातून एक सळई गेलेली, तिच्या टोकाला खटका. खटका फिरवला की चाक हातात. नटच नाही, तर कडी अडकवणार कशाला? बऱ्याच सायकलींना चिमट्याच्या टोकाशी बाहेरून छोटी भोकाची टोकं काढलेली असतात, तारा बांधायला. चाचा त्यांना कान म्हणतात. त्यांनी सायकल उलटी केली, सुलटी केली आणि निकाल दिला, "मॅडम, ह्याला कानच न्हाईत. शर्यतीचा घोडा हाये हा, ह्याला पावसात बांधून ठेवावं."

त्यांनी तरी एक जुनं पत्र्याचं मडगार्ड लावून बघितलं. ते चिमट्याच्या दोन पायांत शिरेचना. आणि शिरलं असतं तरी वर ब्रेक आडवा होता. टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये जागा किती होती सांगू? काडेपेटीच्या दोन काड्या एकावर एक ठेवल्या तर जातील, इतकी.

कान सापडले ते पोरीला. संध्याकाळी बोअरवर ती सायकल घासत होती. दुसऱ्या दिवशी धावत आली. "बाई, चिमट्याला आतून भोकं हायेत!" खरंच होती. बाहेरून नाही, तर चाकाकडे तोंड करून. चिमट्याच्या दोन्ही पायांना खाली एकेक, आणि मागच्या दोन नळ्यांना आसापासून दोन बोटं वर एकेक. त्यांत मातीची बुचं घट्ट बसली होती, म्हणून कुणाला दिसली नव्हती. बनवणाऱ्यानं सायकलचं रूप बिघडू नये म्हणून कान आत लपवले होते! सुंदर दिसण्यासाठी माणसं काय काय करतात.

पण ती भोकं मडगार्डाचीच कशावरून? आणि त्यांत कुठला बोल्ट बसेल? याचं उत्तर सायकलीवरच होतं. पाण्याची बाटली ठेवायला तिच्या नळीवर दोन बोल्ट असतात. ते ५ मिलिमीटरचे. त्यातला एक काढून आम्ही आतल्या भोकात धरला आणि बोटांनीच फिरवला. अलगद आत गेला. लक्षात ठेवा, नवीन भोकात बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचा नाही. आटे एकदा मेले की सायकलचं ते भोक कायमचं गेलं.

आता डोक्याचं काम सुरू झालं. मी डी. एड.ला असताना आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात आमच्या बाईंचा आग्रह असायचा की वस्तू करण्याआधी ती कशासाठी हे विचारा. तर मडगार्ड कशासाठी? चिखलाचे शिंतोडे अडवायला. मग शिंतोडे नेमके जातात कुठं, हे आधी बघायला नको का?

हा प्रयोग मी माझ्या चौथीच्या वर्गाला दिला. दोघांनी सीट धरून मागचं चाक अधांतरी ठेवलं. तिनं हातानं पायडल फिरवलं. एकीनं टायरवर लाल मातीचं पाणी तांब्यानं सोडलं. आणि दोघंजण जुना पांढरा तक्ता उलटा करून सीटच्या मागं धरून उभे राहिले. तक्त्यावर, धरणाऱ्यांवर, आणि शाळेच्या भिंतीवरही नक्षी उमटली. भिंत आम्ही नंतर धुतली.

तक्ता बघितला तर शिंतोडे वाटेल तिकडे पसरले नव्हते. मधोमध एक सरळ पट्टा. तुमच्यापैकी कुणी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली असेल, तर हे लगेच कळेल. गोफण गोल फिरते, पण दोरी सोडली की दगड गोल जात नाही. सुटला त्या जागी तो ज्या दिशेला चालला होता, त्याच दिशेला सरळ निघतो. वर्तुळाला एका बिंदूत टेकणारी ती रेघ म्हणजे स्पर्शिका. चाकावरचा थेंब म्हणजे गोफणीतला दगड. चाक घड्याळ समजा. सायकल उजवीकडे तोंड करून उभी आहे. आता चाकाच्या सगळ्यात मागच्या बिंदूवर, म्हणजे ९ वाजता सुटलेला थेंब सरळ वर जातो. १० आणि ११ वाजता सुटलेले वर आणि पुढं जातात, म्हणजे थेट आपल्या पाठीवर. ७ आणि ८ वाजताचे मागं उडतात, म्हणजे मागून येणाऱ्याच्या तोंडावर.

किती उंच जातात? तासाला १५ किलोमीटर वेगानं सायकल चालली आहे. म्हणजे सेकंदाला साधारण ४.२ मीटर. या वेगानं सरळ वर निघालेला थेंब, हवेचा अडथळा सोडून दिला तर, जवळजवळ ९० सेंटिमीटर चढतो. तो निघतो आसाच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून सुमारे ३४ सेंटिमीटरवरून. करा बेरीज. सव्वा मीटर झाला ना? सीट, कंबर, दप्तर, सगळं त्याच्या टप्प्यात आलं. आणि वेग २० केला तर तो निघाल्यापासून दीड मीटरच्या वर जातो. उशीर झाला म्हणून जोरात पायडल मारलं की पट्टा मानेपर्यंत पोचतो, त्याचं कारण हे.

चौथीतल्या एकानं फार छान शंका काढली. "बाई, पण सायकल तर जागेवरच हाये. रस्त्यावर ती पुढं पळते." मी त्याला म्हटलं, धावत्या एस. टी.त बसून चेंडू वर उडवलास तर तो कुठं पडतो? "हातातच." तसंच. सायकल, पोरगी आणि थेंब सगळेच बरोबर पुढं चाललेले असतात. त्यामुळं सायकलवर बसलेल्याला दिसणारी नक्षी तीच.

या प्रयोगातून आमचं अर्धं काम झालं. कारण कळलं की अख्ख्या चाकावर मडगार्ड लागतच नाही! मागच्या चाकाला १ वाजल्यापासून १२ वरून मागं ८ पर्यंत पुरे. पुढच्या चाकाचे शिंतोडे पायावर, चपलेवर आणि साखळीवर येतात ते चाकाच्या मागच्या अंगानं. म्हणजे ११ पासून साडेसातपर्यंत पुरे. बाकी चाक उघडं. आणि ब्रेक? तो नेमका या तुकड्यांच्या कडेला येत होता. म्हणजे ज्या दोन काड्यांच्या फटीतून मडगार्ड न्यायचं होतं, तिथून न्यायचंच नव्हतं!

चाचांना हे पटायला वेळ लागला. "अर्धं मडगाड? लोक हसतील." पण परभणीहून आणलेलं प्लास्टिकचं अरुंद मडगार्ड त्यांनीच करवतीनं कापलं. त्याआधी एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा नमुना करून तो चाकावर धरून बघितला. प्लास्टिक कापलं की परत जोडता येत नाही, कागदाचं काय, पत्रिका घरोघरी ढीगभर असतात.

तारा जुन्या मडगार्डाच्याच घेतल्या. त्यांची खालची कडी आसासाठी असल्यामुळं मोठी, तिच्यातून ५ मिलिमीटरचा बोल्ट डोक्यासकट पार होई. चाचांनी शांतपणे तार उलटी केली. वरची बारीक कडी खाली आली आणि बोल्ट नीट बसला. मला हे सुचलं नसतं. आतून बोल्ट लावायचा म्हणजे त्याचं डोकं चाकाकडे येणार. डावीकडे काही अडचण नव्हती. उजवीकडे मागं साखळी असते. ती सगळ्यात लहान चकतीवर आली की बोल्टाच्या डोक्याला घासायची, कर्रर्र असा आवाज यायचा. मग ते डोकं कानशीनं घासून निम्मं पातळ केलं, आणि सगळे गिअर एकेक करून फिरवून पाहिले. आवाज बंद.

वरच्या टोकांचं काय करायचं? चाचा म्हणाले, ब्रेकचा बोल्ट सोडू आणि त्यात पट्टी अडकवू. तिथं मी नाही म्हटलं. ज्या बोल्टवर ब्रेक उभा आहे, त्याच्यावर दुसरं काही लटकवायचं नाही. मडगार्ड पडलं तर कपडे भरतील; ब्रेक पडला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय पुढचा चिमटा कार्बनचा होता. हे पदार्थ हलके आणि ताकदवान असतात, पण लोखंडी पट्टीनं करकचून आवळलं तर त्यांना तडा जाऊ शकतो. म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे चिमट्याला गुंडाळले आणि वायरमन लोक वापरतात ते प्लास्टिकचे टाय त्यावरून ओढले. मागंही तसंच केलं.

आमचा खरा वाद झाला तो पुढच्या तारांवरून. त्या तारा मडगार्डाला नटबोल्टनं पक्क्या कराव्यात हे चाचांचं मत. "ढिलं काम मी करत न्हाई." माझं म्हणणं, खाली बोल्ट असू दे, पण मडगार्डाशी जोड मात्र बारीक प्लास्टिकच्या टायनं कर. का? समजा, एखादी काटकी चाकाबरोबर वर ओढली गेली आणि मडगार्डात अडकली. मडगार्ड दुमडून चाकात जातं, पुढचं चाक जागच्या जागी थांबतं, आणि चालवणारा हँडलवरून पुढं फेकला जातो. जोड कच्ची असेल तर ती तुटते आणि मडगार्ड बाजूला होतं. परदेशी मडगार्डांत मुद्दाम असे सुटणारे चिमटे बसवलेले असतात. घरातला फ्यूज वितळतो म्हणूनच घर वाचतं की नाही? चाचा फ्यूजवर गप्प झाले. त्यांच्या टपरीचा फ्यूज मागच्याच आठवड्यात उडाला होता.

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये फट किती ठेवायची, याला आम्ही मोजपट्टी केली शिसपेन्सिलीची. ती साधारण ७ मिलिमीटर जाड असते. पेन्सिल सगळीकडून न अडकता फिरली पाहिजे. खाली लोंबणारी पट्टी तेलाच्या पाच लिटरच्या डब्याचं प्लास्टिक कापून केली, जमिनीपासून वीतभर उंच. त्यामुळं सायकलच्या मागं सूर्यफुलाच्या फुलाचं अर्धं चित्र आलं. पोरीला ते आवडलं.

डांबरावर मडगार्डानं पहिल्याच पावसात काम केलं. पाठ कोरडी, दप्तर कोरडं, चपला मात्र थोड्या भरल्या. पांदणीत काय? तिथं पेन्सिलभर फटीनं काय होणार! काळी माती आधी ब्रेकपाशी भरते, मडगार्ड असो की नसो. पण यावर पोरीनं स्वतःच तोड काढली होती, मला सांगितलीही नव्हती. पांदणीत ती सायकल चालवतच नव्हती. खांद्यावर घेऊन यायची! दहा किलोची सायकल, उंच पोरगी. आपली वीस किलोची काळी सायकल असती तर हे जमलं नसतं. ज्या हलकेपणाला आम्ही सगळे नावं ठेवत होतो, तोच इथं उपयोगी पडत होता. तिची एकच तक्रार होती, मागच्या तारेचं टोक खांद्याला टोचतं. चाचांनी ते कानशीनं गोल केलं आणि वर ट्यूबचा तुकडा चढवला.

१ आणि २ सप्टेंबर २०२४ ला, ऐन पोळ्याला, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. परभणी जिल्ह्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. आमच्याकडे सोयाबीन आडवं पडलं, कापसात गुडघाभर पाणी उभं राहिलं, बैलांची मिरवणूक कसली आणि काय. त्या आठवड्यात मडगार्डाचा विचार कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. तिच्या वडिलांचंही नुकसान झालं. पाणी ओसरल्यावर पांदणीचा चिखल इतका होता की ती अनवाणी यायची, चपला हँडलला अडकवून, आणि डांबराला लागल्यावर डबक्यात पाय धुऊन सायकलवर बसायची. पुढच्या तारेचा एक टाय त्या काळात तुटला. पऱ्हाटीची काटकी अडकली होती. पोरगी पडली नाही. तुटलेला टाय तिनं मला आणून दाखवला, आणि मी तो चाचांना नेऊन दाखवला. चाचांनी नवा टाय लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली. इंग्लंडमध्ये सायकलींचे जुने क्लब आहेत. हिवाळ्यात पावसापाण्यात सगळे मिळून लांब फेरीला निघतात, तेव्हा त्यांच्यातल्या अनेक क्लबांत मडगार्ड लावून येण्याचा दंडक असतो. तोही कसा, तर मागच्याला लांब पट्टी हवी. का, ते तुम्हाला ७ आणि ८ वाजताच्या थेंबांवरून सांगता येईल. आमच्या तेलाच्या डब्याच्या पट्टीलाही हाच मान मिळाला. तिच्या मागून सायकलनं येणारी दुसरी एक मुलगी मला म्हणाली, "बाई, आता मी तिच्या बरोबर मागं चालवू शकते."

खर्च किती आला, असं तुमचे आईवडील विचारतील. प्लास्टिकचं मडगार्ड विकत आणलं, बोल्ट चार, टाय एक पुडी. बाकी तारा, ट्यूब, तेलाचा डबा सगळं टाकाऊतलं. वेळ मात्र दोन रविवार आणि बऱ्याच संध्याकाळी लागला. तुम्ही स्वतः करणार असाल, तर प्लास्टिक कापायला आणि बोल्ट घासायला मोठ्या माणसाला घ्या, आणि पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट एकदा तपासा. खडबडीत रस्त्यावर ते सैल होतातच.

शिष्यवृत्तीची परीक्षा डिसेंबरात झाली. सप्टेंबरनंतर तिचा एकही जादा तास बुडाला नाही, असं तिच्या सरांनी सांगितलं. दरम्यान चाचांकडे आणखी दोन रेसच्या सायकली आल्या, जुन्याच, पुण्या-मुंबईहून आलेल्या. एकीला कान बाहेर होते, ते काम अर्ध्या तासात झालं. दुसरीला आतून, बाहेरून, कुठूनच नव्हते. तिच्यासाठी चाचांनी नळाच्या पाइपाला लावतात त्या पट्ट्या आणल्या आहेत, आतून रबर लावून. पोरीच्या सायकलीचं पुढचं मडगार्ड जरा उजवीकडे कललं आहे. मे महिन्यात सरळ करून देतो, असं चाचा म्हणाले आहेत. मेमध्ये ते लग्नांना जातात, त्यामुळं बघूत.